बिनसाखरेचं गोड

३ ऑक्टोबर

ही डायरी जावईबापूंच्या कंपनीची आहे. गेल्या सालची, त्यामुळे तारीख बरोबर आणि वार चुकीचा. मी तारखेवर चालणार, वाराकडे बघणार नाही. माझी शाळा तिसरीत सुटली, पण अक्षर सुटलं नाही, अजून गोल येतं. काना-मात्रा इकडचा तिकडे होईल. वाचणारी मीच, मला समजलं की झालं.

लिहायला बसले कारण मी पणजी होणार आहे. हे माझं सकाळपासून दूधवाल्याला, लिफ्टमधल्या बाईला आणि चुकीच्या नंबरावर फोन लागलेल्या एका माणसाला सांगून झालं. तो म्हणाला, "अभिनंदन आजी, पण मला गॅसची शेगडी दुरुस्त करून हवी होती." म्हटलं, होईल हो, तीही होईल.

तर नातीला सातवा लागलाय. माझी लेक, म्हणजे हिची आई, नोकरीतून सुटी मिळाली की येईल. तोवर घरात मी, नात आणि नातजावई. मी त्यांना तोंडावर जावईबापू म्हणते आणि मनात थंडोबा. एक तर ते फ्रीजरची गाडी चालवतात, हॉटेलांना बर्फातल्या भाज्या नि फळं पोचवतात. दुसरं म्हणजे घरात आग लागली तरी हा माणूस आधी चप्पल सरळ ठेवील आणि मग "आग लागलीय वाटतं" म्हणेल.

आज दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की नातीच्या रक्तात साखर वाढलीय. पोटूशीपणात होतं म्हणे काहींना. साखर, गूळ, मध, खजूर, सगळं बंद. दोन आठवडे खाण्यावर बघायचं. घरी मशीन दिलंय, बोटाला टोचून थेंबभर रक्त पट्टीवर लावायचं, आकडा येतो. आकडे उतरले तर ठीक, नाही तर पोटात इन्सुलिनची सुई, रोज. आणि दोन्हींतलं काही केलं नाही तर बाळाला त्रास.

नातीच्या तोंडचं पाणीच पळालं. सुईला ही जन्माची भ्यालेली. लहानपणी लस द्यायला नेलं तर ही कंपाउंडरच्या टेबलाखाली आणि तिला काढायला कंपाउंडरही टेबलाखाली. रिक्षात माझा हात धरून म्हणाली, "आजी, मला सुई नको. काहीही कर."

काहीही कर म्हणाली ना, मग करते.

४ ऑक्टोबर

जावईबापूंनी एक खोका आणला. दुकानदाराने वरून फाटका म्हणून परत केलेला, आत माल चांगला. लाल लाल गोळ्यांसारखी फळं, दगडासारखी गोठलेली. जावईबापूंनी पुटपुटत नाव सांगितलं. मी म्हटलं, "करणबेरी का?" नात म्हणाली, "क्रॅनबेरी, आजी." जिभेला जमत नाही, पण बघा, लिहायला जमलं.

एक चाखलं. माझे कान मागे गेले. उरलेले पाच दात एकमेकांना शोधायला लागले.

पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या की आंबट फळं चालतील. आणि नातीला तर गोड हवं. जेवण झालं की हिचे डोळे कपाटाकडे. म्हटलं, साखरेवाचून याला गोड करून दाखवते. पन्नास वर्षं चुलीशी उभी आहे, हे बोराएवढं फळ मला काय शिकवणार.

५ ऑक्टोबर

एक फळ सुरीने कापून बघितलं. आत चार खोल्या, आणि चारीत नुसती हवा. भाड्याने द्यावं असं फळ.

पातेल्यात थोडं पाणी घालून चढवली. फटाफट फुटायला लागली, ओट्यावर लाल ठिपके, माझ्या चष्म्यावर लाल ठिपके. जावईबापू दारात येऊन म्हणाले, "काही लागलंय का तुम्हाला?" म्हटलं, नाही हो, स्वयंपाक चाललाय.

काही न घालता शिजवली तर आंबट ती आंबटच, वर कडवट. मग सोडा आठवला. आंबटपणा मारतो. चिमूटभर टाकला तर फेस उसळून शेगडीवर, आणि रंग कसा झाला म्हणाल, तर दारात बोट चेमटल्यावर दुसऱ्या दिवशी नख होतं ना, तसा. पण टाकवत नव्हतं. नातीला वाटीत दिलं, म्हटलं, "पहिलंच आहे, गोड मानून घे."

तिने एक चमचा घेतला. डोळ्यांत पाणी आलं तिच्या. आजीच्या हातचं म्हणून भरून आलं असणार.

बाकीचं खोलीत नेऊन खाल्लं. वाटी लख्ख परत आली.

७ ऑक्टोबर

आज जमलं! सफरचंद किसून घातलं, गाजर वाफवून कुस्करून घातलं, दालचिनीचा तुकडा, मिठाची कणी. मंद आचेवर ठेवून मी समोर स्टूल घेऊन बसले. या फळाशी घाई केली की हे फुगतं, ते मला कळलंय.

रंग असा सुरेख आला की लग्नाच्या शालूला द्यावा. वाटी हातात देताना म्हटलं, "गोड मानून घे." म्हणाली, "हो आजी." आणि खोलीत नेली. हल्ली तिला खोलीत बसून खायला आवडतं. वाटी परत लख्ख.

आणि आकडा! जेवणानंतरचा एकशे चार! जावईबापू स्वतः बाहेर येऊन सांगून गेले. टोचायच्या वेळी ते आत जातात, दार लोटून घेतात. तिला धीर देत असणार. बिचारे.

लेकीला फोन लावला. ती म्हणाली, "आई, साखर न घालता गोड लागतं का ते?"

म्हटलं, "तुझी मुलगी वाटी चाटूनपुसून देते."

"माझी मुलगी? दही जरा उतरलं तर वास घेऊन बाजूला सारणारी?"

"पोटूशीपणात चव बदलते गं. तुझ्या वेळी मी खडू खाल्लेत."

"ते मला माहीत नव्हतं," ती म्हणाली.

९ ऑक्टोबर

सकाळचा उपाशीपोटीचा अठ्ठ्याऐंशी. मी लिफ्टमधल्या बाईला सांगितलं. तिने विचारलं, कसले अठ्ठ्याऐंशी, आजी? म्हटलं, आमचे.

जावईबापूंच्या बोटांना चिकटपट्ट्या दिसल्या, तीन. विचारलं तर म्हणाले, "खोक्यांच्या पट्ट्या लागतात." मी म्हटलं, हातमोजे नाही का देत कंपनी? तर म्हणाले, "देते." पुढे काही नाही. या माणसाशी बोलायचं म्हणजे बंद दुकानाच्या फळीवर टकटक करण्यासारखं.

मलम दिलं. शिवाय त्यांचं पोट बिघडलेलं दिसतंय. पित्ताच्या गोळ्या चघळत असतात. गाडीवर बाहेरचं काहीबाही खात असतील. म्हटलं, तुम्हीपण घरची क्रॅनबेरी खात जा थोडी. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला कळेना, त्यांना आनंद झाला की काय झालं.

११ ऑक्टोबर

जावईबापू लांबच्या फेरीवर गेले, उद्या येतील. आणि नेमकं मशीन बंद पडलं. नात म्हणाली, बॅटरी गेली असेल. मी म्हटलं, खालच्या दुकानात मिळेल. ती म्हणाली, नको, तसली नाही मिळत.

वाटी मात्र आज भरलेलीच परत आली. एकटीला जेवण जात नाही, माझंही असंच असायचं.

१२ ऑक्टोबर

जावईबापू आले आणि मशीन चालू. यंत्रालासुद्धा घरात पुरुषमाणूस लागतो की काय! आकडा एकशे एक.

नातीच्या कपाटात बाळाची झबली ठेवायला गेले तर मुंग्यांची रांग. धुतलेले कपडे, इस्त्री केलेले, त्यात मुंग्यांचं काय काम? लोकरीचा वास आवडत असेल. सगळं पुसून काढते म्हटलं तर नात धावत आली, या पोटानिशी, आणि म्हणाली, "आजी, राहू दे, मी बघते." किती समजूतदार झालीय! पूर्वी स्वतःचा पेला उचलायची नाही.

१५ ऑक्टोबर

भोपळा भाजून त्यात क्रॅनबेरी घातली, थापून ओव्हनमध्ये वड्या केल्या. या ओव्हनचं आणि माझं अजून जमलेलं नाही, तो शिट्टी वाजवतो आणि मी दचकते. वड्या जरा चिवट झाल्या. एक चुकून खाली पडली ती उसळून पायावर आली.

"गोड मानून घे हं," म्हणून ताटली दिली. थोड्या वेळाने पाणी प्यायला उठले तर जावईबापू बाल्कनीत पाठमोरे उभे राहून चावताहेत. चावताहेत, थांबताहेत, आकाशाकडे बघताहेत, परत चावताहेत. ओठ लालभडक. नातीने दोन-चार त्यांना दिल्या असणार. असा जोडा हवा, घासातला घास देणारा.

आज मला एकदा शंका आली होती, ती लिहून टाकते. नातीचा चेहरा सुजल्यासारखा वाटतो, आणि ती हसते ती तोंडानेच. पण आकडे तर उत्तम आहेत. आकडा काही खोटं बोलणार नाही, त्याला काय गरज?

१८ ऑक्टोबर

उद्या दवाखाना. मी एक बरणी भरून घेतलीय डॉक्टरीणबाईंना द्यायला. त्या इतर पोरींना सांगतील. नाव काय द्यायचं ते ठरत नाही. जावईबापूंना विचारलं तर ते म्हणाले, "नाव कशाला देताय, आजी." विनयशील आहेत.

नात आज जेवलीच नाही नीट. म्हणाली, धडधडतंय. म्हटलं, अगं पास होणाऱ्याला कसली धडधड?

१९ ऑक्टोबर

आज अक्षर गोल येणार नाही. पण लिहिते, जसं झालं तसं.

दवाखान्यात नर्सबाईंनी नातीचं रक्त नळीत घेतलं, एकदा उपाशीपोटी, एकदा खाऊन. नातीने तोंड जावईबापूंच्या खांद्यात खुपसलं होतं. मी पंख्याकडे बघत होते. मग डॉक्टरीणबाईंनी तिघांना आत बोलावलं. मी बरणी मांडीवर घेऊन बसले.

त्या कागद बघून म्हणाल्या, "उपाशीपोटी एकशे अठरा. जेवणानंतर एकशे ब्याण्णव. आणि घरचे आकडे तुम्ही सांगताय अठ्ठ्याऐंशी, एकशे चार. इतके सुंदर आकडे माझेसुद्धा येत नाहीत. मशीन बिघडलंय का बघू. आणलंय ना? द्या बोट."

आणि जावईबापूंनी बोट पुढे केलं.

डाव्या हाताचं, मधलं, चिकटपट्टी नसलेलं. अगदी सवयीने, तिकीट दाखवावं तसं.

डॉक्टरीणबाईंनी त्या बोटाकडे बघितलं, मग त्यांच्याकडे, आणि विचारलं, "तुम्हाला कितवा महिना?"

मला वाटलं गंमत करताहेत. मी हसले. एकटीच.

जावईबापूंनी बोट हळूच मिटलं. नात रडायला लागली, आवाज न करता, नुसते खांदे. मी अजून म्हणत होते, "अहो, घाईत गोंधळले ते, गाडीवर जागरण होतं त्यांना." तेव्हा डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, "आजी, दोन आठवडे आपण यांचं रक्त तपासतोय. बाळ यांच्या पोटात नाहीये."

मग त्यांनी आजच काढलेला फोटो दाखवला, बाळाचा. काळापांढरा, मला त्यातलं नाक तेवढं कळलं. म्हणाल्या, बाळाचं पोट वाढलंय, महिन्याच्या मानाने जास्त. आईची साखर त्याच्याकडे जाते, ते वाढतंय, असंच चाललं तर बाळंतपण अवघड जाईल आणि जन्मल्यावर त्याला जपावं लागेल. अजून वेळ गेलेली नाही, पण आता वाट बघायची नाही. इन्सुलिन सुरू. उद्या-परवा नर्सबाई शिकवतील, त्यानंतर घरी स्वतः घ्यायचं.

बरणी द्यायची राहिली. तशीच परत आणली.

संध्याकाळी तिघं स्वयंपाकघरात बसलो. मी म्हटलं, "आता सांगा."

नात म्हणाली, "आजी, मी पहिल्या दिवशी एक चमचा खाल्ला. त्यानंतर काहीच नाही."

"मग वाटी?"

जावईबापूंनी हात वर केला, वर्गात पोरं करतात तसा.

"तुम्ही? पित्ताच्या गोळ्या चघळत होता ना, आंबट सोसतं का तुम्हाला?"

"नाही सोसत," ते म्हणाले.

"मग बोलायचं की हो!"

"तुम्ही आनंदात होता. आणि हिला टोचवत नव्हतं. म्हटलं, आज आपलं बोट देऊ, उद्या ती देईल. रोज तो उद्याच आला."

"आणि तू काय खात होतीस?" मी नातीला विचारलं.

"बिस्किटं. झबल्यांखाली ठेवली होती. रोज ठरवायचे, आज शेवटचं."

मला राग यायला हवा होता. तो येता येता म्हटलं, "अगं, मला तरी सांगायचंस, आजी, हे आंबट आहे, माझ्याने खाववत नाही! मी काय तुला मारलं असतं?"

ती म्हणाली, "तू वाटी देताना रोज काय म्हणायचीस?"

"काय म्हणायची?"

"गोड मानून घे."

"अगं ते म्हणायचं असतं! आपल्या हातचं साधंसुधं असेल तर म्हणतात. माझी आई म्हणायची, तिची आई म्हणायची."

"हो ना. म्हणून मानलं. आंबट होतं ते गोड मानलं. आकडा यांचा होता तो माझा मानला. आपण तिघंही दोन आठवडे मानतच होतो, आजी. फक्त बाळाला कुणी सांगितलं नाही, मानून घे म्हणून."



२० ऑक्टोबर

डोकं शांत झाल्यावर एक गोष्ट ध्यानात आली. माझ्या पदार्थात खोट नव्हती. ज्याने खाल्ला त्याचा आकडा उत्तम आला. माणूस तेवढा चुकला. जावईबापूंना म्हटलं, "काही म्हणा, तुमची साखर मात्र आमच्या खानदानात कुणाची नसेल इतकी सुरेख." ते म्हणाले, "माझी आधीपासूनच तशी आहे." असू दे.

लेकीला फोन करून सगळं सांगितलं. ती रविवारी येतेय, सुटी मिळो न मिळो. मला वाटलं, रागावेल. ती म्हणाली, "आई, मलासुद्धा लहानपणी तू कारल्याचा रस गोड मानून प्यायला लावलायस. मी तो मोरीत मानला."

या घराण्यात मला कुणी काही सांगत नाही असं दिसतंय.

२१ ऑक्टोबर

नर्सबाईंनी शिकवलं. पेनासारखं असतं ते. टोक एवढंसं, केसाहून थोडं जाड. पोटाची कातडी चिमटीत धरायची, टेकवायचं, दाबायचं, दहा आकडे मोजायचे, काढायचं. पहिलं त्यांनीच दिलं. नात पांढरी पडली. नर्सबाई म्हणाल्या, "उद्यापासून तुझं तू. नवऱ्याने दिलं तरी चालतं, पण तो गाडीवर असला म्हणजे काय करशील?" बाई कमी बोलतात, पण ठेवून देतात.

मी आज पातेलं नव्याने चढवलं. सफरचंद नाही, गाजर नाही, दालचिनी नाही. या फळाला मी दोन आठवडे गोड हो म्हणून कानीकपाळी ओरडत होते, ते होईना. म्हटलं, राहा बाई जशी आहेस तशी. कांदा परतला, लसणाच्या पाकळ्या ठेचून घातल्या, मीठ, मिरी, नि मूठभर क्रॅनबेरी. फुटू दिल्या, आटू दिल्या. बोटाला लावून चाखलं. कान मागे गेले. पण मग परत पुढे आले, आणि अजून जरासं चाखावंसं वाटलं. पहिल्यांदाच.

जावईबापूंना चाखवलं नाही. त्यांचं झालंय.

२२ ऑक्टोबर

दुपारी जेवणाआधी नातीने बोट टोचलं. स्वतःचं. टोचायला लागलेला वेळ सांगत नाही, भात शिजून वाफ धरली एवढं म्हणते. आकडा आला एकशे सव्वीस. नर्सबाईंनी सांगितलेल्यापेक्षा जास्त. पण तिने तो मोठ्याने वाचला, आमच्या तोंडावर, पाठ होईल असा. मला त्या अठ्ठ्याऐंशीपेक्षा हा बरा वाटला. ओळखीचा वाटला.

मग ते पेन. जावईबापू फेरी रद्द करून घरी राहिलेले. ते म्हणाले, "मी देतो." मी म्हटलं, "मी हात धरते." ती म्हणाली, "तुम्ही दोघं बाहेर."

"अगं पण..."

"बाहेर, आजी."

आम्ही बाहेर. दार लोटलेलं. दाराच्या या बाजूला मी कधी उभी राहिलेच नव्हते अशी, आतलं ऐकत. जावईबापू स्वतःचंच पोट हाताने दाबून धरून उभे. त्यांना म्हटलं, तुम्ही सोडा ते. त्यांनी सोडलं आणि पुन्हा धरलं.

आत काही आवाज नाही.

"घाबरू नकोस गं," मी म्हटलं. "श्वास घे. मुंगी चावल्यासारखं होतं म्हणे."

काही नाही.

"आत येऊ का?" जावईबापूंनी विचारलं. आवाज फाटला त्यांचा. इतक्या दिवसांत पहिल्यांदा थंडोबा गरम झालेले बघितले.

"कशाला?" आतून आवाज आला.

"म्हणजे... हात थरथरत असेल तर. मोजायला."

"मोजून झाले."

आम्ही एकमेकांकडे बघितलं.

"म्हणजे घेतलंस?" मी विचारलं.

"घेतलं केव्हाच. टोपण सापडत नाहीये. आता जेवायला वाढ, इन्सुलिन घेतल्यावर थांबायचं नसतं."

मी वाढायला धावले. भाकरी आधी की भात, सुचेना, चमचा पडला, वाटी पडली. ती येऊन बसली. घाम आलेला, केस चिकटलेले, चेहरा सुजलेला तसाच. भात बेताचा, भाजी भरपूर, अंडं, आणि कडेला कालची क्रॅनबेरी. वाटी पुढे सरकवताना माझ्या जिभेवर ते आलंच होतं. मी ओठ दाबून धरले आणि म्हटलं, "आंबट आहे. खायचं तर खा."

तिने चमचाभर तोंडात टाकलं. एक डोळा मिटला, मग दुसरा. खांदे कानांपर्यंत गेले. जावईबापूंनी भीतीने खुर्ची मागे सरकवली.

"आजी," ती म्हणाली, "भयंकर आंबट आहे."

आणि पुन्हा चमचा भरला.